लाल कोणासाठी?

लेओशा सध्या पिवळ्या टोप्या उसवून ऐसपैस करत बसली आहे, आणि मला ते पसंत नाही. काल तिच्याकडे गेले तर खिडकीपाशी बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर पिवळ्या टोप्यांचा ढीग. मला बघून तिनं तो लपवलासुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी तिच्यावर नाही नाही ते संशय घेतले, पण असलं काही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

खरं तर तिचा माझ्यावर विश्वास नाही आणि माझा तिच्यावर. म्हणूनच आमची मैत्री टिकली असावी. व्येझ्बिनच्या स्टेडियमवर पहिल्या वळणाशी, तिसऱ्या रांगेत, आम्ही दोघी शेजारीशेजारी बसत आलोय, नवरे जिवंत होते तेव्हापासून. मध्ये सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. एकीचा हात पिशवीत जास्त वेळा जातोय का, यावर दुसरीचा डोळा.

मी रेल्वेत तिकिटं तपासायचे. "पाकीट घरी राहिलं हो" असं माणूस म्हणाला की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, बुटांकडे बघायचं, हे मला त्या नोकरीनं शिकवलं. लेओशा शिवणकाम करायची. क्लबच्या मोटरसायकलस्वारांच्या हेल्मेटवर चढवायच्या कापडी टोप्या तीच शिवायची, अजूनही शिवते, आणि धुतेही तीच. लाल, निळी, पांढरी, पिवळी. यजमानांचे दोघे लाल-निळ्यात, पाहुण्यांचे दोघे पांढऱ्या-पिवळ्यात. स्पीडवेतला हा नियम आमच्याकडची पोरं बाराखडीच्या आधी शिकतात. बाकी शिकण्यासारखं फारसं नाहीच. चार मोटरसायकली, चार फेऱ्या, ब्रेक एकीलाही नाही. वळणावर मागचं चाक आडवं टाकून चौघं येतात आणि ट्रॅकची बारीक खडी भसाभस पहिल्या वळणावरच्या लोकांच्या अंगावर उडते. त्यासाठीच तर आम्ही तिथं बसतो.

लाल-निळ्या टोप्या लेओशा कोमट पाण्यात हातानं धुवायची, उन्हात वाळवायची, इस्त्री करायची. पांढऱ्या-पिवळ्या पायपुसण्यांबरोबर मशीनमध्ये. "पांढरी आहे का पिवळी, कळत नाही हो," असं एकदा पंचांनी ऐकवलं, तर म्हणाली, "पाहुण्यांनी चालवली असेल तशी गाडी, की मळावी." तिच्या घरात पिवळं काही नव्हतं. पडदे निळे, ताटं लाल काठाची. अंड्यातला बलक तेवढा तिला मुकाट्यानं गिळावा लागायचा.

आमची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढं तिचं काम आहे. आपल्या मैदानावरची खडी केसांत घेऊन घरी जायचं. उंबरा ओलांडेपर्यंत झटकायची नाही. परक्या मैदानावर गेलं तर उलटं. फाटकाबाहेर पाऊल पडलं की केस झटकायचे, बूट फुटपाथच्या कडेवर आपटायचे, आणि मगच बसमध्ये चढायचं. परक्यांची माती घरात नको. लेओशा तर कालिनोवला जाताना बारीक दातांचा कंगवाच बरोबर न्यायची.

कालिनोव म्हणजे नदीपलीकडचं गाव. त्यांचाही क्लब आहे. त्यांच्याबद्दल जास्त बोलून मी तोंड खराब करणार नाही. आणि लेओशाच्या एकुलत्या एका लेकीनं, इवोनानं, नेमका तिथलाच नवरा केला. लग्नात लेओशा निळा पोशाख घालून, लाल फुलं घेऊन आली. वेदीपाशी उभ्या असलेल्या नवरीकडे बघून माझ्या कानात म्हणाली, "बघ, आजपासूनच त्यांचा पांढरा घातलाय."

"अगं, नवऱ्या पांढराच घालतात," मी म्हटलं.

"तू तिची बाजू घेऊ नकोस. तुला काय मिळालं तिकडून?"

जावई कोर्नेल. शांत माणूस, आणि शांत माणसं मला डब्यात झोपल्याचं सोंग करणाऱ्या प्रवाशांसारखी वाटतात. त्यांना एक मुलगी झाली, यागोदा. ती चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि मग इवोनानं एक फोटो पाठवला. कालिनोवच्या स्टेडियमवर पोरगी बापाच्या खांद्यावर बसलीय, तोंड उघडं, ओरडतेय. लेओशानं तो फोटो मला दाखवला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"माझं रक्त तिकडं बसून ओरडतंय," ती म्हणाली आणि चक्क रडली. लेओशाला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदा बघितलं. तिला फार काही नको होतं. नात एकदा, एकदाच का होईना, आपल्या शेजारी पहिल्या वळणावर बसावी आणि आपल्या स्वारांसाठी ओरडावी. त्यासाठी बाई झुरत होती, आणि ते तोंडानं मागायला मात्र तयार नव्हती. मागितलं असतं तर कोर्नेलनं 'हो' म्हटलं असतं, आणि मग 'हो' का म्हणाला, या संशयानं तिची झोप आणखीच उडाली असती.

अशात क्लबनं वॉर्साहून एक माणूस आणला. पात्रिक नाव. बारीक दाढी, पांढरे बूट. पांढरे! पहिल्याच सभेत तो आम्हा जुन्या लोकांना म्हणाला, "तुमचं मैदान म्हातारं होतंय. दर मोसमाला काही खुर्च्या कायमच्या रिकाम्या होतात. मुलं आली नाहीत, कुटुंबं आली नाहीत, तर तुमच्यानंतर इथं गवत उगवेल."

आम्ही सगळे एकमेकांच्या खुर्च्यांकडे बघायला लागलो. हा मोजतोय तरी कुणाला?

मग त्याच्या योजना निघाल्या. कुटुंबांचा रविवार. मुलांना कान झाकायची मोठी कव्हरं फुकट. हेल्मेट घातलेला माणसाएवढा बेडूक, जो पोरांना मिठ्या मारणार. हवेचा किल्ला. सामन्याआधी पेडल नसलेल्या छोट्या सायकलींवर मुलांची शर्यत. आजी-आजोबा नातवंडाला घेऊन आले तर दोघांनाही प्रवेश मोफत. फुकट म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकलीच. रेल्वेत मी फुकट प्रवास करणारे बघितलेत, फुकट प्रवास घडवणारं कुणी बघितलं नाही.

पहिल्या वळणावर नाना तर्क सुरू झाले. कुणी म्हणे, आपल्याला इथून हलवून पोरांना बसवणार. कुणी म्हणे, खडी उडू नये म्हणून जाळी लावणार. मी म्हटलं, जाळी लावली तर मी त्या बेडकाला जाळीत बांधेन.

पात्रिक लेओशाच्या घरी आला तेव्हा मी तिथंच होते. मुद्दामच होते.

"काकू, टोप्या हव्यात. लहान डोक्यांच्या, भरपूर. चारही रंगांत."

"चारही?" लेओशानं मान वर केली.

"मुलांच्या शर्यतीसाठी. चार मुलं, चार रंग. अगदी खऱ्यासारखं."

"आणि पिवळी कुणाच्या पोराच्या डोक्यावर घालणार तुम्ही?"

"कुणाच्याही. रंगच आहे, काकू."

रंगच आहे! लेओशानं हातातली कात्री टेबलावर ठेवली. मी पात्रिकच्या बुटांकडे बघत होते.

"तुम्हाला आणलं कुणी इथं?" लेओशानं विचारलं.

"क्लबनं."

"क्लबच्या आधी कुठं होता?"

"दही विकायचो. म्हणजे दह्याच्या जाहिराती करायचो."

"दही," लेओशा माझ्याकडे बघून म्हणाली. "पांढरंच."

तो गेल्यावर आम्ही दोघींनी बराच खल केला. कुठंतरी पाणी मुरत होतं, यात शंकाच नव्हती. व्येझ्बिनच्या पोरांना लहानपणीच पिवळ्याची सवय लावायची, म्हणजे मोठेपणी त्यांना आपलं-परकं कळायचं नाही. असं कुणाला हवं असेल? नदीपलीकडच्यांनाच. मी म्हटलं, "शिवू नकोस." ती म्हणाली, "मी नाही शिवल्या तर तो बाहेरून आणेल. त्यापेक्षा मी शिवते." आणि तिनं शिवल्या. लाल-निळ्या ऐसपैस, मऊ अस्तराच्या. पिवळ्या आणि पांढऱ्या मात्र अशा बेतानं, की बाहुलीच्या डोक्यावर बसल्या तर बसल्या.

कुटुंबांचा रविवार पात्रिकनं कालिनोवविरुद्धच्या सामन्यालाच ठेवला, कारण त्या दिवशी गर्दी होते. आठवडाभर आधी इवोनाचा फोन आला. यागोदानं बेडकाची जाहिरात बघितलीय, आजीबरोबर नातवंड फुकट असं वाचलंय, आणि ती येणारच म्हणतेय. कोर्नेल तिला घेऊन येईल.

लेओशानं फोन ठेवला आणि थेट माझ्याकडे आली. आनंदानं तिचे कान लाल झाले होते, पण तोंडावर मात्र गस्त. "जावई स्वतः आणतोय. का बरं?"

"गाडी त्याला चालवता येते म्हणून."

"गेनिया, तू भोळी होत चाललीस."

माझ्या आयुष्यात मला भोळी म्हणणारी ती पहिलीच.

रविवारी दुपारी तिनं त्यांना घरी जेवायला घातलं. कोंबडीचं पातळ सूप, म्हणजे रोसूव, त्यात शेवया, मग कटलेट, मग आलुबुखाराचा केक. मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. यागोदा समोरचे दात पडलेली, केसांच्या दोन घट्ट वेण्या, आणि प्रश्न विचारायची सवय. "आजी, तुझ्याकडं सगळं लाल-निळंच का?" "आजी, पोटात किती जागा ठेवायची? सॉसेज मिळतात का तिथं?" कोर्नेलच्या गळ्याकडे माझं लक्ष होतं. गळा उघडा. कालिनोवचा माणूस सामन्याला निघालाय आणि गळ्यात क्लबचा स्कार्फ नाही? मी लेओशाला टेबलाखालून पाय मारला. तिनंही उलट मारला. म्हणजे तिनंही बघितलं होतं.

मैदानावर पात्रिक घामाघूम धावत होता. बेडकाची उंची बघून दोन लहानगी रडली, बाकीच्या पोरांनी त्याला पाडलं. हवेच्या किल्ल्यापुढं रांग लागली होती, आणि खरं सांगायचं तर इतकी पोरं मी त्या मैदानावर कधीच बघितली नव्हती. आया, बाबागाड्या, कानांवर मोठमोठी कव्हरं चढवलेली मुंडकी. पहिल्या वळणावरून आम्हाला कुणी उठवलं नाही. जाळीही नव्हती. मला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

मुलांच्या शर्यतीच्या वेळी पिवळी टोपी एकाही डोक्यावर चढेना. पात्रिकनं एका गोबऱ्या मुलाच्या डोक्यावर पांढरी ओढायचा प्रयत्न केला, तर तो किंचाळायला लागला. शेवटी सुरुवातीच्या फितीपाशी दोन लाल आणि दोन निळे उभे राहिले. निवेदकाला कोण कुठला ते कळेना. कोण जिंकलं तेही कुणाला कळलं नाही. लेओशा बिया सोलत निष्पापपणे आकाशाकडे बघत होती.

मग खरी शर्यत लागली. फीत उडाली, चौघं सुटले, आणि इंजिनात जळणाऱ्या एरंडेलाचा तो गोड वास आमच्यापर्यंत आला. ते वळणावर आले आणि खडीचा फवारा सरळ यागोदाच्या तोंडावर बसला. पोरगी गप्प. कव्हरांमधून बाहेर आलेल्या वेण्यांवर, नाकावर, ओठांवर खडी. कितीतरी पोरं या क्षणी रडतात आणि परत कधी येत नाहीत.

यागोदानं ओठ चाटले. "आमच्याकडची काळी असते. ही लालसर आहे," ती म्हणाली. मग उठून खुर्चीवर उभी राहिली आणि दात नसलेल्या तोंडानं ओरडली, "लाल! लाल! निळा! लाल!"

सामना संपेपर्यंत ती ओरडत होती. लाल पुढं असला की टाळ्या, मागं पडला की मुठी आवळून. आमचा कप्तान सोबेक लाल टोपीत कालिनोवच्या पिवळ्याला बाहेरून ओलांडून गेला तेव्हा तिनं लेओशाच्या गळ्यालाच मिठी मारली. लेओशा उघडउघड रडत होती आणि खडीमुळं तिच्या गालांवर लाल ओघळ आले होते. आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होती, "माझी नात आहे. कालिनोवला राहते, पण बघा!" कोर्नेल बिया चघळत बसला होता. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. आम्ही जिंकलो. जाताना यागोदा मुलांच्या शर्यतीतली एक लाल टोपी डोक्यावर घालूनच गेली, आणि खडी केसांत तशीच ठेवायची, हे आजीनं बजावल्याबरोबर तिनं कबूल केलं.

पुढचे काही दिवस लेओशाचे पाय जमिनीवर नव्हते. बेकरीत सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं. पात्रिकलासुद्धा ती "बरा मुलगा आहे" म्हणाली. हे मात्र मला सहन झालं नाही. एवढ्या सुखात माणूस बेसावध होतो, आणि त्या कोर्नेलचं हसू माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी खडा टाकला.

"लेओशा, कालिनोवच्या मैदानावर कालिनोवचे स्वार कुठल्या टोपीत असतात?"

"यजमान म्हटल्यावर लाल-निळ्यात. हे काय विचारणं झालं?"

"आणि यागोदा लहानपणापासून कुठं बसून कुठल्या रंगासाठी ओरडतेय?"

हातातला चहाचा ग्लास तिनं हळूच खाली ठेवला.

"मी काही म्हणत नाही," मी म्हटलं. "एवढंच म्हणते, की तिकडं लाल म्हणजे त्यांचे. पोरीला वाटत असेल, लाल म्हणजे बाबांचे. इकडं येऊन तिनं लाल बघितला आणि ओरडली. तिच्या हिशेबानं त्या दिवशी कालिनोव जिंकलं असेल."

"आणि कोर्नेल हसत होता," लेओशा म्हणाली.

"हसत होता."

झालं. संशयाचा भुंगा लागला. लेओशा वाळायला लागली. बियांची पिशवी तिच्या बाजूनं भरलेलीच राहायची, आणि एकटीनं खायला मला मजा येईना. मी म्हटलं, "अगं, फोन करून विचार की सरळ, बाळा, तू कुणासाठी ओरडलीस?"

"विचारलं की ती बापाला विचारणार. बाप तिला शिकवून ठेवणार. मग मला खरं कधीच कळणार नाही." तिनं बियांची पिशवी माझ्याकडे सरकवली. "आणि चुकून ओरडली असेल, तर निदान तिला तरी कळायला नको."

उपाय एकच होता. परतीचा सामना कालिनोवला होता. तिथं लाल-निळे त्यांचे आणि पांढरे-पिवळे आमचे. तिथं पोरगी काय ओरडते, एवढं बघायचं. लाल ओरडली तर ती कालिनोवची, आणि त्या रविवारचा आनंद नुसता रंगाचा घोळ होता. पिवळा ओरडली तर आपली. कालिनोवनंही आमचं बघून कुटुंबांसाठी वेगळा भाग काढला होता. कोर्नेलनं फोन करून लेओशाला बोलावलं, जेवायला आणि सामन्याला. ती बसनं आमच्याबरोबर आली, पण उतरल्याबरोबर जेवायला लेकीकडे वळली. हातात पर्स, पर्समध्ये कंगवा.

आम्हाला पाहुण्यांच्या पिंजऱ्यात कोंबलं होतं. माझ्याकडे नवऱ्याची दुर्बीण होती. मी सामना बघितलाच नाही. समोरच्या बाजूला, मुलांच्या गर्दीत, मला लेओशा दिसली, तिच्या एका बाजूला कोर्नेल आणि इवोना, दुसऱ्या बाजूला लाल टोपी घातलेली यागोदा. तीच टोपी, लेओशानं शिवलेली. लेओशाचंही ट्रॅककडे लक्ष नव्हतं. ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

आणि पोरगी गप्प होती. एक शर्यत झाली, दुसरी झाली. आसपासची पोरं घसा फोडत होती आणि यागोदा आजीकडे बघत गप्प. आजी नातीकडे बघत गप्प. माझे हात दुखायला लागले, तरी मी दुर्बीण खाली घेतली नाही. मध्येच दोघी काहीतरी बोलल्या. लेओशा वाकली, पोरीनं कानावरचं कव्हर बाजूला सारलं, हातवारे करून काहीतरी समजावलं. लेओशा सरळ झाली आणि कितीतरी वेळ दगडासारखी बसून राहिली.

शेवटच्या शर्यतीला गुण बरोबरीत होते. आमचा सोबेक पिवळ्या टोपीत पुढं होता, त्याच्या मागं कालिनोवचा लाल. पिंजऱ्यात आम्ही सगळे किंचाळत होतो. शेवटच्या वळणावर लाल आतून घुसायला लागला, आणि मला समोरच्या बाजूला लेओशा उठलेली दिसली. तिनं यागोदाच्या डोक्यावरची लाल टोपी काढली, हात वर केला, आणि ती हवेत फिरवायला लागली. तोंड उघडं. मानेच्या शिरा ताणलेल्या. तिच्या शेजारी पोरगी उड्या मारत होती.

लालनं सोबेकला रेषेवर ओलांडलं. आम्ही हरलो.

फाटकाबाहेर आमची सगळी माणसं मुकाट्यानं केस झटकत होती, फुटपाथच्या कडेवर बूट आपटत होती. लेओशा सगळ्यांत शेवटी आली आणि सरळ बसमध्ये चढली. ती टोपी दुर्बिणीशिवायही पुष्कळांना दिसली होती. तिच्याजवळ कुणी बसेना. मी बसले, कारण चौकशी कुणीतरी करायलाच हवी होती.

"लाल फिरवलास," मी म्हटलं.

"फिरवला."

"कालिनोवचा लाल."

"हो. तिथं दुसरा कुठला असणार?"

"पोरगी काय म्हणाली तुला?"

तिनं सांगितलं. मी तिला उलटसुलट विचारून बघितलं, मधूनच वेगळं काहीतरी विचारून परत तिथंच आले, पण सांगण्यात काही फरक पडला नाही, तेव्हा ते खरंच असणार. लेओशानं न राहवून विचारलं होतं, "अगं, ओरडत का नाहीस?" आणि यागोदा म्हणाली होती, "मी तुझी वाट बघतेय. आज तुझी पाळी."

"कसली पाळी?"

"तुझ्याकडं आलो तेव्हा मी तुझ्या लोकांसाठी ओरडले ना? बाबा म्हणाले, ज्यांच्याकडं जेवायचं त्यांच्यासाठी ओरडायचं. मला आधी जमत नव्हतं, सारखं वाटायचं, लाल म्हणजे आमचेच. मग बाबांनी शिकवलं, डोळे मिटायचे आणि आजीचे लाल, आजीचे लाल, असं म्हणायचं. बाबांनी त्यांचा स्कार्फसुद्धा घरी ठेवला होता. आज तू आमच्याकडं जेवलीस. दोनदा रोसूव घेतलास, मी बघितलं."

लेओशा खिडकीबाहेर बघत होती. "ती माझ्यासाठीच ओरडली होती, गेनिया. घोळ नव्हता. सामना संपेपर्यंत, प्रत्येक वेळी, कळून सवरून."

"आणि कोर्नेल?" मला ते हसू अजून सोडत नव्हतं.

"तो तिला शाबासकी देत होता. आपल्या माणसांविरुद्ध ओरडायला स्वतःच्या पोरीला शिकवलं त्यानं, आणि मी त्याच्या गळ्याकडे बघत बसले."

मला हे पटायला जड गेलं. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही. माणूस इतका सरळ असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं तरी कसं?

"निदान एक सांग," मी आवाज खाली आणला. "नुसतं तोंड हलवलंस ना? लाल म्हणून ओरडली नाहीस ना?"

"पहिल्यांदा नुसतं तोंडच हलवलं," लेओशा म्हणाली. "तर ती म्हणाली, 'आजी, ऐकू आलं नाही.' मग ओरडले."

पुलावरून जाताना बस हादरली. मागच्या बाकावरून कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, की काही लोकांनी आता नदीपलीकडंच घर बघावं. लेओशानं मागं वळूनही बघितलं नाही. मी तिच्याकडे नीट बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी तिच्या पर्सकडे बोट दाखवलं.

"लेओशा, कंगवा."

"आहे आत," ती म्हणाली.

तिच्या पांढऱ्या केसांत, कानामागं, कॉलरवर कालिनोवची काळी खडी होती, आणि ती तिनं घराचा उंबरा ओलांडेपर्यंत झटकली नाही.